चिनी सुलेखनकारांच्या कुंचल्याची तुलना कशी करावी

चिनी सुलेखनाचे नमुने पहिल्यांदा पाहणाऱ्याला सगळीच अक्षरे सुरेख दिसतात. कोणते अक्षर कोणाच्या हातचे, हे मात्र सांगता येत नाही. ते ओळखायला चिनी भाषा यावी लागते असा समज आहे, तो खरा नाही. अक्षराचा अर्थ ठाऊक नसला तरी कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला गेला, कुठे उचलला आणि कुठे वळला हे कागदावर उमटलेले असते, आणि दोन सुलेखनकारांमधला फरक मुख्यतः तिथेच सापडतो. ती नजर तयार करण्याचा एक क्रम पुढे दिला आहे. त्यामागचा आग्रह असा, की नुसत्या आकारावरून मत बनवू नये, आकार ज्या हालचालीतून निघाला ती हालचाल मनात पुन्हा घडवून पाहावी, आणि शक्य असेल तिथे दोघांनी लिहिलेला एकच मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

आधी लिपीचा प्रकार ओळखावा

चिनी सुलेखनात पाच लेखनप्रकार मानले जातात. झ्वानशू हा प्राचीन आणि आज मुख्यतः शिक्क्यांवर दिसणारा प्रकार. लीशू हा हान काळातला, आडव्या रेषांना लाटेसारखे टोक असलेला. कायशू म्हणजे प्रत्येक रेघ सुटी आणि स्पष्ट असलेले प्रमाण लेखन. शिंगशू म्हणजे वाहते, काही रेघा जोडून घेणारे. आणि त्साओशू म्हणजे अतिशय संक्षिप्त, वेगवान लेखन. तुलना नेहमी एकाच प्रकारातल्या दोन नमुन्यांची करावी. एकाचे कायशू आणि दुसऱ्याचे त्साओशू समोर ठेवले तर जो फरक दिसतो तो लिपीप्रकाराचा असतो, माणसांचा नसतो, आणि नवशिक्यांची बहुतेक चुकीची अनुमाने इथूनच निघतात. सुरुवात कायशूपासून करावी, कारण त्यात प्रत्येक रेघेचा आरंभ आणि शेवट वेगळा पाहता येतो.

समोर शाईचा लेख आहे की दगडाचा ठसा?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. जुन्या सुलेखनाचे दोन प्रकारचे पुरावे आपल्यापर्यंत आले आहेत. पहिला म्हणजे कागदावर किंवा रेशमावर शाईने लिहिलेला लेख, ज्यात अक्षर काळे आणि पार्श्वभूमी फिकट असते. दुसरा म्हणजे शिळेवर कोरलेल्या लेखाचा कागदावर घेतलेला ठसा, ज्यात पार्श्वभूमी काळी आणि अक्षर पांढरे दिसते. ठशामध्ये आपल्यापर्यंत पोहोचते ते कुंचल्याचे काम कोरक्याच्या छिन्नीतून गेलेले असते. शाई कुठे दाट, कुठे कोरडी होती हे त्यात कळत नाही. रेघेची कड छिन्नीने अधिक धारदार झालेली असू शकते किंवा शतकानुशतकांच्या झिजेने बोथट झालेली असू शकते. विसाव्या शतकातले विख्यात अभ्यासक आणि सुलेखनकार ची गोंग यांनी ‘छिन्नीला नव्हे, कुंचल्याला गुरू करावे’ अशा अर्थाचा सल्ला दिला आहे. तांग काळातले उत्तमोत्तम कायशू मात्र शिळांवरच आहे, त्यामुळे ठसे टाळता येत नाहीत. ते पाहताना छिन्नीचा वाटा मनातल्या मनात वजा करण्याची सवय लावावी लागते.

शाईचा लेख असला तरी तो मूळ आहे की प्रत, हे विचारावेच लागते. पूर्व जिन काळातले वांग शीझी हे या परंपरेत सर्वांत मानाचे नाव. इ.स. ३५३ च्या वसंतात, लानतिंग इथल्या मेळाव्यात रचलेल्या कवितांसाठी त्यांनी लिहिलेली ‘लानतिंग’ प्रस्तावना २८ ओळींची आणि ३२४ अक्षरांची आहे. पण तिचे मूळ हस्तलिखित नाहीसे झाले, आणि ते तांग सम्राट तायझोंग याच्याबरोबर पुरले गेले असे परंपरा सांगते. आज आपण पाहतो त्या तांग काळातल्या आणि त्यानंतरच्या प्रती. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात असलेली आणि फंग चेंगसू यांच्या नावे ओळखली जाणारी प्रत त्यांत विशेष मोलाची मानली जाते. तिच्यात केसांची टोके फाकून रेघेच्या अग्राशी दोन बारीक खुणा उमटल्या आहेत, तेही नकलाकाराने टिपून ठेवले आहे. बाह्यरेषा बारीक काढून आत शाई भरण्याच्या पद्धतीने अशा प्रती केल्या जात. म्हणून या प्रतीवरून आकार आणि कुंचल्याची दिशा यांविषयी बोलावे. वेगाविषयी बोलताना हात आखडता घ्यावा.

कुंचला हाती घेऊन चार गोष्टी करून पाहाव्यात

नुसते पाहून हे शिकता येत नाही. एक मध्यम आकाराचा, मऊ व ताठ केस मिसळलेला कुंचला आणि पाण्याने लिहायचे कापड एवढे असले तरी पुरते. शाई आणि ‘श्वान’ नावाचा, सुलेखनासाठीचा तांदळी रंगाचा चिनी कागद नंतर आणता येईल. देवनागरी सुलेखन बोरूने शिकलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. बोरूचा काप तिरका असतो, त्यामुळे कोन कायम ठेवला की जाड-बारीक आपोआप येते. चिनी कुंचल्याचे टोक मात्र निमुळते, गोल आणि लवचीक असते. त्यात जाडी ठरते ती खाली-वर होणाऱ्या हाताने, आणि एकाच रेघेत ती हवी तेव्हा बदलता येते.

पहिली गोष्ट टोक लपवण्याची. आडवी रेघ डावीकडून उजवीकडे ओढायची असेल तर कुंचला आधी किंचित डावीकडे नेऊन मग उलटा फिरवावा. आरंभ गोलसर, बंद येतो. असे न करता टोक सरळ टेकवून ओढले तर आरंभाशी अणकुचीदार निमुळतेपणा उरतो. दुसरी गोष्ट टोकाच्या जागेची. ओढताना टोक रेघेच्या मध्यातून जात असेल तर दोन्ही कडा सारख्या आणि रेघ भरीव, गोलाईची भासते. टोक एका कडेने जात असेल तर ती कड स्वच्छ आणि दुसरी खरखरीत होते. तिसरी, दाबणे आणि उचलणे. चौथी, कोपरा : कुंचला न थांबवता वळवला तर गोल वळण मिळते, थांबवून पुन्हा टेकवून खाली नेला तर टोकदार घडी पडते. या चार गोष्टी हाताला कळल्या की कोणत्याही नमुन्यातल्या रेघेला हेच चार प्रश्न विचारता येतात. ‘योंग’ या एकाच अक्षरात आठ मूलभूत रेघा येतात, म्हणून ते शतकानुशतके सरावाचे अक्षर राहिले आहे. ‘लानतिंग’चा आरंभही याच अक्षराने होतो.

एकच मजकूर, दोन हात

तुलनेसाठी माझ्या मते सर्वांत उत्तम जोडी शियान शहरात आहे, आणि मराठी वाचकाला तिच्याविषयी वेगळी आपुलकी वाटावी असे कारणही आहे. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांचे वर्णन लिहून ठेवणारा यात्रेकरू ह्युएन त्संग इ.स. ६४५ मध्ये चांगआनला, म्हणजे आजच्या शियानला, परतला. त्याने भारतातून नेलेल्या बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांसाठी सम्राट तायझोंगने एक प्रस्तावना लिहिली. ही प्रस्तावना इ.स. ६५३ मध्ये चू स्वेलियांग यांच्या कायशू अक्षरात कोरली गेली. ती शिळा महाहंस पॅगोडाच्या दक्षिण दाराशी आजही आहे. पुढे इ.स. ६७२ मध्ये तोच मजकूर पुन्हा एकदा कोरला गेला, पण वांग शीझींच्या अक्षरांत. वांग तर तीन शतकांपूर्वीच वारलेले. ह्वायरेन नावाच्या भिक्षूने त्यांच्या जुन्या लेखांतून एकेक अक्षर निवडून, आणि जे सापडले नाही ते सुट्या भागांतून जुळवून, हा लेख उभा केला. ही दुसरी शिळा शियानच्या ‘शिळावन’ संग्रहालयात आहे, आणि तिच्या शेवटी ह्युएन त्संगने भाषांतरित केलेले प्रज्ञापारमिता हृदयसूत्रही कोरलेले आहे.

दोन्ही ठशांच्या स्वच्छ प्रतिमा मिळवाव्यात. ह्वायरेनच्या शिळेला पुढे तडा गेला, म्हणून तडा जाण्यापूर्वीच्या सुंगकालीन ठशाची प्रतिमा घेतलेली बरी. आता मजकुराच्या पहिल्या वाक्यात जावे. तिसरे अक्षर ‘दोन’ हा अंक आहे : वर आखूड आणि खाली लांब, अशा फक्त दोन आडव्या रेघा. इतक्या साध्या अक्षरात लपायला जागाच नसते. चूंची रेघ आरंभी थोडी दाबलेली, मध्ये उचलून बारीक केलेली, शेवटी पुन्हा दाबलेली असते, आणि तिला हलकासा बाक असतो. बारीक झाली तरी ती लुळी पडत नाही. ताणलेल्या तारेसारखी लवलवीत राहते. आता वांग यांच्या अक्षरांकडे वळावे. टोक अनेकदा उघडेच टेकलेले आढळते, आणि एका रेघेचा शेवट पुढच्या रेघेच्या आरंभाकडे झुकलेला असतो. दोन रेघांच्या मधल्या कोऱ्या जागेतूनही हात गेलेला कळतो.

एकाच अक्षरावर थांबू नये. हाच मजकूर पुढे नेत दहा-बारा अक्षरे अशी जोडीने पाहावीत, आणि उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ, उभ्या रेघेचा शेवट, कोपरा यांच्यापुरतेच लक्ष द्यावे. चूंचे कायशू मुळात वांग यांच्याच परंपरेतून आलेले आहे, त्यामुळे फरकाइतकेच साम्यही सापडते. एक सावधगिरी मात्र हवी : ह्वायरेनच्या शिळेवर एका अक्षरातून दुसऱ्या अक्षराकडे जाणारा ओघ वांग यांचा नाही, जुळवणाऱ्याचा आहे. म्हणून या शिळेवरून एकेका अक्षरातले कुंचल्याचे काम पाहावे, ओळीच्या लयीविषयी निष्कर्ष काढू नयेत. शिवाय एक नमुना कायशू आणि दुसरा बराचसा शिंगशू आहे, म्हणजे वर सांगितलेल्या नियमाला इथे अपवाद होतो. मजकूर एकच असल्याचा लाभ एवढा मोठा आहे की हा अपवाद करावा, पण तो लक्षात ठेवून करावा.

कुंचला आणि बांधणी वेगवेगळी पाहावी

इ.स. १३१० मध्ये युआन काळातले सुलेखनकार झाओ मेंगफू बोटीने राजधानीकडे निघाले असताना त्यांनी ‘लानतिंग’च्या एका जुन्या ठशावर तेरा टिपा लिहिल्या. अक्षराची बांधणी काळाप्रमाणे बदलते, पण कुंचला चालवण्याची रीत हजारो वर्षे बदलत नाही, असे त्यांचे त्यातले मत प्रसिद्ध आहे. ते जसेच्या तसे मान्य करण्याची गरज नाही. मला स्वतःला त्याचा उत्तरार्ध अतिशयोक्त वाटतो. परंतु त्यांनी केलेली विभागणी नवशिक्याला फार उपयोगी पडते. रेघ कशी ओढली आहे हा एक प्रश्न, आणि रेघा एकमेकींच्या संदर्भात कुठे ठेवल्या आहेत हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीत.

तांग काळातल्या कायशूच्या तीन आचार्यांवर हे करून पाहता येते. ओयांग शुन यांचा ‘जिऊचेंग राजवाड्याचा शिलालेख’ इ.स. ६३२ चा, यान झेनचिंग यांचा ‘यान चिनली शिलालेख’ इ.स. ७७९ चा, आणि लिऊ गोंगच्युआन यांचा ‘श्वानमी पॅगोडा शिलालेख’ इ.स. ८४१ चा. या तिघांतून चौकटीसारखी बांधणी असलेले एक अक्षर शोधावे, उदाहरणार्थ ‘महिना’ किंवा ‘दार’, म्हणजे ज्यात समोरासमोर दोन उभ्या रेघा आहेत. ओयांग यांच्या या दोन रेघा मध्यभागी किंचित आत झुकतात, जणू एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. यान यांच्या रेघा बाहेर फुगतात. एवढ्या एका लक्षणावरून ओयांग यांचे अक्षर उंच, आवळलेले आणि यान यांचे अक्षर रुंद, मोकळे का भासते ते कळते. पारदर्शक कागदावर नऊ घरांची चौकट आखून ती अक्षरावर ठेवली तर हे आणखी स्पष्ट होते : ओयांग आणि लिऊ यांच्या रेघा मधल्या घरात दाटीने येतात, यान यांच्या रेघा कडेच्या घरांत पसरतात आणि मध्य मोकळा ठेवतात.

आता कुंचल्याचा रकाना. यान यांच्या आडव्या रेघा बारीक आणि उभ्या जाड असतात. उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड होत जाऊन पायाशी थांबते आणि मग एक छोटे निमुळते टोक बाहेर सोडते. आरंभ बहुधा लपवलेले, कोपरे बरेचसे गोल. लिऊ यांनी यान यांच्यापासून पुष्कळ घेतले, पण आरंभ चौकोनी आणि धारदार केला, रेघ सडपातळ केली. यानचे स्नायू आणि लिऊची हाडे, अशी दोघांची जोडी चिनी परंपरा लावते. ओयांग यांच्याकडे एक खूण अशी आहे की ती एकदा कळली की विसरत नाही : उभी येऊन उजवीकडे वळणारी आणि शेवटी आकडा होणारी रेघ. इतर जण तिथे कुंचला वर उडवून आकडा काढतात. ओयांग अनेकदा ती रेघ उजवीकडे बाहेर सोडून देतात, जुन्या लीशूच्या लाटेसारखी. यान यांच्याच ‘दुओबाओ पॅगोडा’ शिलालेखाशी, म्हणजे इ.स. ७५२ मधल्या लेखाशी, ‘यान चिनली’ शिलालेख ताडून पाहावा. दोहोंमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर आहे, आणि नीटस, आखीव हातापासून त्या भारदस्त हातापर्यंतचा बदल पाहिल्यावर ‘यान शैली’ असा एकच शब्द वापरायला आपण कचरतो.

शाईचा वेग वाचणे

याच यान झेनचिंग यांचा शाईचा लेखही उपलब्ध आहे. आन लुशानच्या बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी इ.स. ७५८ मध्ये लिहिलेल्या शोकलेखाचा हा कच्चा मसुदा तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. तो कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेला नाही. खोडलेले शब्द, ओळीच्या बाजूला भरलेली अक्षरे, पुन्हा न बुडवता तशीच पुढे नेलेली कोरडी शाई, सगळे जसेच्या तसे आहे. एकेका ओळीवरून बोट फिरवत जावे : शाई काळीभोर असते तिथे कुंचला नुकताच बुडवलेला, मग रेघ करडी होते, मग तिच्यात पांढऱ्या फटी पडतात, आणि अचानक पुन्हा काळे अक्षर येते. अशा जागा पेन्सिलीने छापील प्रतिमेवर खुणावल्या तर लिहिणारा कुठे थांबला आणि कुठे थांबू शकला नाही, हे दिसू लागते. ठशामध्ये हे कधीच मिळत नाही. शिलालेखातला यान आणि मसुद्यातला यान हे एकाच माणसाचे हात आहेत हे ज्याला रेघेवरून पटेल, त्याची नजर तयार झाली असे मी म्हणेन.

सुंग काळातली एक जोडी तर एकाच लेखपटावर आहे. हद्दपारीत ह्वांगझोऊ इथे असताना सू शी यांनी इ.स. १०८२ च्या ‘शीत-अन्न’ सणाविषयी दोन कविता रचल्या. त्यांचा हा लेखपटही तैपेईत आहे, आणि त्याच्या शेवटी ह्वांग तिंगज्येन यांनी लिहिलेला अभिप्राय आहे. सू यांची अक्षरे बसकी, मांसल, एका बाजूला कललेली. आरंभी आटोपशीर असलेला हात पुढे मोठा होत जातो, आणि ‘कागद’ या अक्षराची उभी रेघ खाली लांबच लांब ओढली जाते. ह्वांग यांचे अक्षर मध्यात आवळलेले असून त्याच्या लांब रेघा चारी दिशांना फेकल्या जातात, आणि त्या रेघांत एक कंप असतो. नावाड्यांचे वल्हे मारणे पाहून कुंचल्याची रीत उमगली, असे ह्वांग यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ती लांब, जोर लावत जाणारी रेघ पाहिली की हे पटते. दोघे स्नेही एकमेकांच्या अक्षराची थट्टाही करत : सू यांची अक्षरे दगडाखाली दबलेल्या बेडकासारखी आणि ह्वांग यांची झाडाच्या शेंड्यावर लटकणाऱ्या सापासारखी. थट्टा असली तरी निरीक्षण अचूक आहे.

सू यांच्या बाबतीत कुंचला धरण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. मनगट टेकलेले आणि कुंचला आडवा पडलेला, म्हणून अक्षराची डावी बाजू सुंदर आणि उजवी कोरडी, अशी टीका त्या काळी होत होती. ह्वांग यांनी ती नोंदवली आणि सू यांची बाजूही घेतली. आपण मनगट टेकून एक उजवी-तिरकी रेघ ओढून पाहावी आणि मग मनगट उचलून तीच ओढावी. टीका कशाबद्दल होती ते लगेच हाताला कळते. याच काळातले आणखी एक सुलेखनकार ‘मी फू’ यांनी सम्राटापुढे समकालीनांचे एकेका क्रियापदात वर्णन केले होते : ह्वांग अक्षरे रेखाटतात, सू रंगवतात, आणि स्वतःबद्दल म्हणाले, की आपण अक्षरे घासतो. त्यांचा इ.स. १०८८ चा रेशमावरचा लेखपट पाहताना हे लक्षात ठेवावे. वेगाने, टोक वेगवेगळ्या बाजूंना फिरवत ओढलेली रेघ खरखरीत रेशमावर वारंवार कोरडी होते, आणि तरीही तुटत नाही.

गिरवणे आणि नोंद

पाहून झाल्यावर लिहिणे आलेच. आधी नमुन्यावर पातळ कागद ठेवून गिरवावे, मग नमुना समोर ठेवून, न गिरवता लिहावे. पहिल्या पद्धतीने बांधणी हातात बसते आणि दुसरीने कुंचला, दोन्ही हव्यात. एका बैठकीत दोनच अक्षरे, दोन सुलेखनकारांची, एवढेच घ्यावे. लिहून झाल्यावर आपली रेघ नमुन्यापासून कुठे वेगळी पडली ते त्याच चार प्रश्नांच्या भाषेत नोंदवावे : टोक लपले का, मध्यातून गेले का, दाब कुठे बदलला, कोपरा वळला की घडी पडली. ‘जोरकस’, ‘कोमल’, ‘डौलदार’ असे शब्द वहीत येऊ देऊ नयेत, निदान पहिले काही महिने तरी. त्यांच्याआड निरीक्षण न करण्याची सोय होते.

प्रतिमांसाठी तैपेईच्या संग्रहालयाने आपल्या अनेक लेखपटांच्या मोठ्या प्रतिमा जालावर खुल्या ठेवल्या आहेत. फोनवर न पाहता त्या मोठ्या पडद्यावर पाहाव्यात किंवा छापून घ्याव्यात, कारण रेघेची कड हाच आपला पुरावा आहे.

यापुढची पायरी ‘सहस्राक्षरी’ची. एक हजार अक्षरे असलेला आणि एकही अक्षर पुन्हा न येणारा हा मजकूर शतकानुशतके सुलेखनकार लिहीत आले आहेत, त्यामुळे तुलनेसाठी याहून सोयीचा मजकूर सापडणे कठीण. सम्राट ह्वेझोंगची इ.स. ११०४ मधली ‘सहस्राक्षरी’ शांघाय संग्रहालयात आहे, आणि तिच्यातली सडसडीत, टोकाशी गाठ असलेली रेघ चू स्वेलियांग यांच्या रेघेशेजारी ठेवून पाहावी. नाते सहज लक्षात येते. त्साओशूकडे जाण्याची वाटही इथूनच आहे. वांग शीझींचे वंशज असलेले भिक्षू झीयोंग यांनी प्रत्येक अक्षर एकदा कायशूत आणि शेजारच्या ओळीत त्साओशूत लिहिले आहे. पहिल्या ओळीतली ‘आकाश, पृथ्वी, काळसर, पिवळा’ ही चार अक्षरे घ्यावीत, कायशूतल्या रेघांना क्रमांक द्यावेत, आणि त्यांतली कोणती रेघ त्साओशूत कुठे जोडली, कुठे गाळली ते शोधावे. हे जमले, की तांग काळातले भिक्षू ह्वायसू यांच्या इ.स. ७७७ च्या ‘आत्मकथन’ लेखपटातला तो भरधाव कुंचलाही कुठून निघाला आणि कुठे वळला हे शोधायला घेता येते.